भाव कळतो, पण मिळत नाही

द्राक्षाचा हंगाम सुरू झाला की आमच्याकडे दोन बातम्या ठरलेल्या असतात. पेटीला काय दर निघाला ही एक, आणि कुठल्या गावातून व्यापारी पैसे बुडवून पसार झाला ही दुसरी. मी सांगलीत कॉमर्स शिकवते. माहेर तासगाव तालुक्यातलं, बागायतदाराचं. त्यामुळे "तुमच्या अर्थशास्त्राचा आमच्या धंद्याला काय उपयोग?" हा प्रश्न मला स्टाफरूममध्येही ऐकावा लागतो आणि बांधावरही. उपयोग आहे, आणि तो थेट खिशाशी जोडलेला आहे, असं माझं ठाम मत आहे. म्हणून ही लांबलचक पोस्ट.

शेतकऱ्याच्या मोबाईलवर भाव आला की त्याची फसवणूक थांबेल, असं गेली वीस वर्षं आपण ऐकतोय. या समजुतीमागे एक चांगला अभ्यासही आहे. अर्थतज्ज्ञ रॉबर्ट जेन्सन यांनी केरळच्या किनाऱ्यावर मोबाईल आल्यावर काय झालं ते तपासलं आणि २००७ साली मांडलं. आधी एका बंदरात मासळीला गिऱ्हाईक नसायचं म्हणून ती फेकून द्यायचे, आणि थोड्याच अंतरावरच्या बंदरात गिऱ्हाईक रिकाम्या हाताने परत जायचं. मोबाईलनंतर ही नासाडी जवळपास संपली, मच्छीमारांचा नफा सुमारे ८ टक्क्यांनी वाढला आणि खाणाऱ्यालाही मासळी सुमारे ४ टक्के स्वस्त मिळाली.

पण दुसरा अभ्यास आपल्या महाराष्ट्रातला आहे आणि त्याच्याबद्दल फारसं कोणी बोलत नाही. फाफशाम्प आणि मिंटेन या दोन अर्थतज्ज्ञांनी इथल्या १०० गावांत शेतकऱ्यांना एसएमएसवर बाजारभाव आणि हवामान पुरवून पाहिलं. टोमॅटो, कांदा, डाळिंब, सोयाबीन, गहू ही पिकं. २०१२ साली निष्कर्ष छापून आला: हाती पडणाऱ्या दरात दखल घेण्याजोगा फरक नाही. पश्चिम बंगालच्या बटाटा शेतकऱ्यांवरच्या प्रयोगातही भाव कळवल्याने सरासरी दर वाढला नाही.

मग केरळात जमलं ते इथे का नाही? माझ्या मते उत्तर बागेत उभं राहिलं की दिसतं. होडी समुद्रातच वळवता येते. द्राक्षाची बाग वळवता येत नाही. व्यापारी येतो, मणी चाखतो, मीटरवर गोडी बघतो, दर ठरतो, इसार देतो. बाग बोलली गेली, म्हणजे सौदा ठरला, म्हटल्यावर बाकीचे व्यापारी पुढच्या गावाला जातात. आणि नेमकं तोडणीच्या सकाळी आभाळ भरून येतं. "दादा, माल मऊ पडलाय, या दरात परवडत नाही." सांगलीच्या बाजारातला दर त्या क्षणी मोबाईलवर दिसत असतो, पण त्याचा काय उपयोग? घड वेलीवर पिकलेत, पावसाची भीती आहे आणि समोर गिऱ्हाईक एकच. एकदा एकाशी बांधले गेलो की दुसरी बाजू अडवून कसं घेते, यावर ओलिव्हर विल्यमसन यांनी आयुष्यभर काम केलं. २००९ च्या नोबेलचे ते एक मानकरी.

म्हणून मला बेदाण्याचं महत्त्व फार वाटतं. चार किलो द्राक्षाला साधारण एक किलो बेदाणा पडतो, वाळवणीच्या शेडचा खर्च वेगळा, हे खरं. पण "जा, मी माल शेडवर टाकतो" हे वाक्य ज्याच्या तोंडी येऊ शकतं त्याच्याशी व्यापारी वेगळ्या सुरात बोलतो. बेदाणा ठेवलेल्या कोल्ड स्टोरेजच्या पावतीवर वेळेत तारण कर्ज मिळालं तर तो सूर आणखी बदलतो. भावाच्या एसएमएसपेक्षा हे कर्ज शेतकऱ्याच्या जास्त कामाचं आहे.

बेदाण्याच्या सौद्यातल्या, म्हणजे लिलावातल्या, उधळणीचंही तसंच. बॉक्समधला माल हातात घेऊन खाली टाकतात, त्याची तूट शेतकऱ्याच्या माथी. राग येतो, यायलाच हवा. पण खरेदीदाराला बॉक्सच्या वरचा आणि तळाचा माल एकच आहे याची खात्री नसते, हे मूळ दुखणं. अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली हेच सांगितलं: माल पारखता आला नाही की गिऱ्हाईक सगळ्यांनाच कमी भाव देतं आणि चांगला मालवाला बाजारातून उठतो. त्या लेखात त्यांनी तांदळातले मुद्दाम मिसळलेले खडे वेचणाऱ्या भारतीय गृहिणीचाही दाखला दिलाय. आपल्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण विश्वासाची प्रतवारी आणि बॉक्सवर जबाबदार नाव नसेल तर उधळण बंदीच्या ठरावाने थांबणार नाही.

आता पैसे बुडवणाऱ्यांबद्दल. पद्धत सगळ्यांना पाठ आहे. पहिल्या गाड्यांचे पैसे रोख, मग निम्मे, आणि शेवटच्या मोठ्या गाडीनंतर फोन बंद. आमच्या भावकीतही हे झालंय. लोक म्हणतात, शेतकरी भोळा. मला हे अजिबात मान्य नाही. ज्याला पुढच्या वर्षी या गावात यायचंच नाही त्याला अब्रूची भीती कशाची?

अर्थतज्ज्ञ अवनर ग्राइफ यांनी अकराव्या शतकातल्या भूमध्य समुद्रावरच्या ज्यू व्यापाऱ्यांचा अभ्यास केला, कैरोच्या जुन्या प्रार्थनास्थळात सापडलेल्या पत्रांवरून. एका मुनिमाने दगा दिला की पत्रापत्री व्हायची आणि मग त्याला कोणीच काम देत नसे, असं ते म्हणतात. पुढे एडवर्ड्स आणि ओगिल्व्ही यांनी हरकत घेतली की हे व्यापारी कोर्टकचेऱ्याही करत होते. मला दोन्ही गोष्टी हव्यात. पोलिसात तक्रार आणि गावोगावी नाव. आपल्याकडे नाव पोहोचतं ते हंगाम संपल्यावर, तेही चहाच्या टपरीवर, आणि फसलेला माणूस लाजेने गप्प बसतो. त्या गप्प बसण्यावरच पुढच्या गावात पुढची बाग बोलली जाते.

प्रत्येक गावच्या सोसायटीत एक वही हवी: व्यापाऱ्याचं पूर्ण नाव, ओळखपत्राची प्रत, गाडी नंबर, ठरलेला दर, पैसे कधी आले. शेजारच्या गावाला ती दाखवायची.

माझ्या तिसऱ्या वर्षाच्या मुलांना यंदा कॉपी-पेस्ट प्रोजेक्ट मिळणार नाहीत. त्यांनी गावागावांत जाऊन ठरलेला दर आणि हाती पडलेला दर यातली तफावत नोंदवायची आहे. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळ, खानापूर भागातल्या ज्या बागायतदारांना आपल्या हिशेबाच्या वह्या मुलांना दाखवायला चालेल, त्यांनी इनबॉक्समध्ये कळवा. नावं कुठेही छापणार नाही. आणि ज्यांचे पैसे बुडालेत त्यांनी तर आवर्जून कळवा.