नव्या कादंबऱ्यांचे कपाट

गिरगावातल्या ज्या वाचनालयात माझे सारे बालपण आणि बरेचसे तरुणपण गेले, त्याच्या कार्यकारिणीपुढे या ऑगस्टमध्ये एक प्रस्ताव आला आहे. यंदाच्या ग्रंथखरेदीतून कथा-कादंबऱ्या वगळाव्यात, त्या पैशांत स्पर्धा परीक्षांची पुस्तके आणि अभ्यासिकेसाठी टेबलखुर्च्या घ्याव्यात, आणि देवघेवीच्या टेबलासमोरचे नव्या पुस्तकांचे कपाट हलवून तिथे आणखी सहा मुलांच्या बसण्याची सोय करावी, असा तो प्रस्ताव. दादाने सूचना फलकावरून त्याचा फोटो काढून मला पाठवला. खाली कारण दिले आहे: ललित वाङ्मय हे करमणुकीचे साधन असून करमणुकीसाठी आता प्रत्येकाच्या हाती मोबाइल आहे. हे वाचल्यापासून माझे चित्त ठिकाणावर नाही.

त्या कपाटाबद्दल आधी सांगायला हवे. ते साधे सागवानी आहे, दोन सरकत्या काचांचे. उजवी काच अर्ध्यावर अडते आणि तळव्याने खालून किंचित उचलल्याशिवाय पुढे सरकत नाही. महिन्यातून एकदा ग्रंथपाल बाई नव्या गठ्ठ्याची सुतळी सोडत. प्रत्येक पुस्तकावर खाकी कव्हर चढे, कण्यावर शाईने क्रमांक पडे, नोंदवहीत दाखल क्रमांक लिहिला जाई आणि शेवटच्या पानावर तारखांची चिठ्ठी खळीने डकवली जाई. पावसाळ्यात ती खळ दोन-दोन दिवस वाळत नसे. पंख्याखाली उघडी पडलेली ती पुस्तके आम्ही मुले लांबूनच बघत असू, कारण चिठ्ठी वाळेपर्यंत पुस्तक कपाटात जायचे नाही आणि कपाटात गेल्याशिवाय कोणालाही मिळायचे नाही, असा बाईंचा नियम होता. नवी कादंबरी सात दिवसांच्या बोलीवर मिळे. आईचे नाव मागणीच्या वहीत चौथे-पाचवे असे, म्हणजे महिनाभराची वाट पाहणे आले. एकदा ती घरी आली की सात दिवसांत आई, आत्या आणि पलीकडच्या बिऱ्हाडातल्या काकू अशा तिघी ती वाचून काढत आणि आठव्या दिवशी संध्याकाळी नळावर तिच्यावर वाद होत. त्या वादांतूनच मला पहिल्यांदा कळले की पुस्तकातली माणसे चुकीचे वागू शकतात आणि त्यांच्याबद्दल मोठी माणसेही एकमेकांशी भांडू शकतात.

दादाचा फोटो आला त्या संध्याकाळी मी कॅनडात, टोरांटोच्या स्कारबरो भागातल्या आमच्या ग्रंथालयाच्या शाखेत, माझ्यासाठी राखून ठेवलेली दोन पुस्तके घ्यायला गेले होते. लेबर डे, म्हणजे सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारची सुट्टी, तीन आठवड्यांवर आला की दाराशेजारच्या मांडणीवर नव्या कादंबऱ्या मुखपृष्ठ समोर करून उभ्या राहतात, कारण कॉटेजला जाणारी कुटुंबे शुक्रवारी दुपारी घाईत येतात आणि मागच्या खोलीपर्यंत जायला त्यांना वेळ नसतो. माझ्या पुढच्या बाईने चार कादंबऱ्या घेतल्या, मशीनवर लावल्या आणि गाडी चालू ठेवून बसलेल्या नवऱ्याकडे निघून गेली. टोरांटोच्या सार्वजनिक ग्रंथालयाच्या १०० शाखा आहेत, २०२२ पासून उशिराचा दंडही नाही, आणि एखादी नवी कादंबरी गाजू लागली की तिच्यासाठी नावे शेकड्यांनी लागतात. मग ग्रंथालय आणखी प्रती मागवते. करदात्यांच्या पैशांतून लोकांच्या करमणुकीला पुस्तके कशाला, असा प्रश्न इथे कोणी विचारलेला माझ्या कानावर आलेला नाही.

हे सगळे मी दादाला त्याच रात्री लांबलचक लिहिले. त्याचे उत्तर एका ओळीचे आले: “तुमच्याकडे महापालिका पैसे देते, आमच्याकडे पत्रा गळतो.”

ते मला लागले. ‘तुमच्याकडे’ हा शब्द अधिक लागला. पण त्यातला मुद्दा खरा आहे. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९६७ चा. त्यात ग्रंथालयांसाठी उपकराची, म्हणजे वेगळ्या जादा कराची, तरतूद नाही. मद्रासने १९४८ च्या आणि शेजारच्या कर्नाटकाने १९६५ च्या कायद्यातच ती केली होती. आपल्याकडे ग्रंथालये संस्था चालवतात, सरकार त्यांना अ, ब, क, ड असा वर्ग देऊन वर्गाप्रमाणे अनुदान देते, आणि त्यातला मोठा वाटा ग्रंथपाल आणि शिपाई यांच्या मानधनात जातो, जे तसेही लाज वाटावी इतके कमी असते. २०२२ मध्ये राज्याने या अनुदानात ६० टक्के वाढ मान्य केली तेव्हा सगळीकडे समाधान व्यक्त झाले, पण ती वाढ कशावर झाली हे पाहिले तर मूळ रक्कमच इतकी लहान होती की गळका पत्रा बदलून उरलेल्या पैशांत वर्षाची खरेदी बसवताना कार्यकारिणीची ओढाताण होणारच. हे मला मान्य आहे. मान्य नाही ते एवढेच की ओढाताण झाली की पहिली कात्री नेहमी कादंबरीला लागते.

मराठी कादंबरीची आवृत्ती आज बहुधा पाचशे ते हजार प्रतींची निघते. ज्या भाषेत कोट्यवधी माणसे बोलतात, तिच्यात एका नव्या लेखिकेच्या पुस्तकाचे भवितव्य इतक्या थोड्या प्रतींवर ठरते. दुकानात तिला दोन-तीन महिने जागा मिळते, मग पुढचा गठ्ठा येतो. राज्यातल्या ११ ते १२ हजार ग्रंथालयांपैकी दर वीसांतल्या एकाने जरी ती घेतली तरी निम्म्याहून अधिक आवृत्ती संपेल, आणि कोणीच घेतली नाही तर ती संपूनही कोणाला दिसणार नाही. स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकाची गोष्ट निराळी. त्याचा वाचक ठरलेला असतो, तो ते विकत घेतो, मित्राकडून आणतो, झेरॉक्स काढतो. ग्रंथपालांना गुरुस्थानी असलेल्या रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयाचे पाच नियम मांडले. त्यांतला दुसरा, प्रत्येक वाचकाला त्याचे पुस्तक, सर्वांना आठवतो. तिसरा नियम प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक मिळावा असा आहे, आणि तो नव्या कादंबरीसाठीच लिहिल्यासारखा आहे, कारण ज्याला आपला वाचक कोण हे ठाऊकच नसते असे पुस्तक तेच. १२ ऑगस्टला रंगनाथन यांच्या जयंतीनिमित्त याच वाचनालयाच्या फलकावर पुष्पहाराचा फोटो लागला होता. प्रस्तावाचा कागद त्याच्याच शेजारी टाचलेला दादाच्या फोटोत दिसतो.

‘कोणी वाचत नाही’ हे तर मुंबईने म्हणूच नये. १९०९ मध्ये ‘मनोरंजन’ मासिकाने दिवाळी अंक काढला तेव्हापासून ही रीत चालू आहे, आणि आजही शहरातली वाचनालये दिवाळी अंकांची वेगळी योजना चालवतात, वेगळी वर्गणी घेतात आणि लोक ती आनंदाने भरतात. त्या अंकांत काय असते? कथा असतात, दीर्घकथा असतात, एखादी लघुकादंबरी असते. वहिनी दर वर्षी या योजनेत नाव नोंदवते आणि कोणता अंक आधी मिळावा यासाठी पहिल्याच दिवशी रांगेत उभी राहते. ज्या सभासदांना नोव्हेंबरमध्ये नवे ललित साहित्य रांग लावून हवे असते, त्यांना ऑगस्टमध्ये ते नको असते असे कोणत्या हिशेबाने ठरवले, हे प्रस्तावकांनी सांगावे.

अभ्यासिकेला माझा विरोध आहे असे कोणी समजू नये. दहा बाय बाराच्या खोलीत पाच माणसे राहत असताना मुलांनी अभ्यास कुठे करायचा, हे मला परदेशातून कल्पनेने समजून घ्यावे लागत नाही. इंजिनिअरिंगची चार वर्षे मी याच वाचनालयाच्या माळ्यावर काढली. ट्यूबलाइटखालचे तिसरे टेबल माझे होते. रात्री साडेआठला शिपाई खाली दिवे मालवू लागला की मी जिना उतरून त्या कपाटासमोर पाच मिनिटे उभी राहत असे आणि आईच्या नावावर एक पुस्तक घेऊन घरी जात असे. ती पाच मिनिटे नसती तर ती चार वर्षे निभली नसती. आज जी मुले तिथे राज्यसेवेची तयारी करतात, त्यांना रोज बारा तास चालू घडामोडी पाठ करायच्या आहेत. जिना उतरताना त्यांच्या वाटेत एखादी कादंबरी येऊ नये, अशी व्यवस्था आपण मुद्दाम का करावी? ज्यांना उद्या तालुक्यांचा कारभार पाहायचा आहे, त्यांनी आजच्या महाराष्ट्रातल्या एखाद्या शेतकऱ्याचे, एखाद्या नर्सचे, एखाद्या विस्थापित कुटुंबाचे मन आतून पाहिले तर त्यात वेळ फुकट गेला असे मला वाटत नाही.

ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. त्या दिवशी इथल्या मंडळींनी एकमेकांना पेढे दिले, मीही दिले, आणि माझे डोळे भरून आले होते. पण अभिजात म्हणजे जुने, असा त्याचा अर्थ लावून आपण ग्रंथालयांत फक्त जुने जपत बसलो तर काय उपयोग? ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ मध्ये आणि मुंबईचे १८९८ मध्ये उभे राहिले, तेव्हा तिथे येणारी मराठी पुस्तके आपापल्या काळात ताजीच होती. आज आपण ज्यांना ठेवा म्हणतो ती कधीतरी कोणीतरी नवी असताना घेतलेली असतात.

इथे कॅनडात १९८६ पासून अशी सोय आहे की लेखकाचे पुस्तक सार्वजनिक ग्रंथालयांत असेल तर त्याला दर वर्षी सरकारकडून त्याचा मोबदला मिळतो. मराठी लेखिकेला असे काही मिळावे हे फार दूरचे बोलणे झाले. निदान तिच्या पुस्तकाची एक प्रत कोणी घ्यावी.

हेही मी दादाला लिहिले. त्यावर त्याने जे विचारले त्याचे उत्तर मला अजून नीट देता आलेले नाही. त्याने विचारले, “तू तिथून शेवटचं मराठी पुस्तक कधी आणलंस?”

गेल्या डिसेंबरमध्ये मी गिरगावात होते. वाचनालयात गेले, बाईंच्या जागी आता एक तरुण मुलगी बसते, तिला आईबद्दल सांगितले, कपाटाचा आणि अडणाऱ्या काचेचा फोटो काढला. आत पुस्तके होती. मी काच सरकवली नाही. आईची अनामत रक्कम अजून तिथे आहे, पण आई गेल्यानंतर वर्गणी कोणी भरली नाही, त्यामुळे मला पुस्तक मिळालेही नसते. तरी नावे वाचता आली असती, आणि तीही मी वाचली नाहीत.

आमच्या शाखेत कोणालाही नवे पुस्तक सुचवता येते. नाव, लेखक, वर्ष एवढेच भरायचे असते. सोळा वर्षांत मी तीन कादंबऱ्या सुचवल्या, तिन्ही इंग्रजी. शाखेत तमिळ पुस्तकांची भरलेली मांडणी आहे. तिथे रोज सकाळी येणारे एक आजोबा मला ओळखतात, आणि एकदा त्यांनी सहज विचारले होते की तुमच्या भाषेचे कपाट कुठे आहे. मी म्हटले, आम्ही इथे थोडे आहोत. ते खरे उत्तर नव्हते. दादाशी बोलणे झाल्यावर मी त्या रात्री एखादी मराठी कादंबरी सुचवावी म्हणून बसले आणि या वर्षी आलेल्या एकाही मराठी कादंबरीचे नाव मला लिहिता आले नाही. मला ठाऊक असलेली सर्वांत नवी मराठी कादंबरी मी निघाले त्या वर्षीची आहे. त्यानंतर माझी भाषा पुढे गेली, तिच्यात नवी माणसे लिहू लागली, आणि मी मात्र तिच्याबद्दल बोलताना आईच्या सात दिवसांच्या बोलीवर येऊन थांबते.

म्हणून त्या कपाटाबद्दल मला अधिकच जीव तोडून बोलावेसे वाटते. नवी नावे मला पूर्वी कशी कळत? ना जाहिरातीतून, ना परीक्षणातून. काचेतून कळत. माझ्यासमोरून ती काच सोळा वर्षांपूर्वी गेली आणि माझे असे झाले. ती जागा सोडण्याचा निर्णय माझा होता. गिरगावात राहणाऱ्या एखाद्या पंधरा वर्षांच्या मुलीने असा काही निर्णय घेतलेला नाही, आणि तिच्यासमोरून ती काढून घेण्याचे मत सूचना फलकावर टाचलेले आहे.

कार्यकारिणीला मी पत्र पाठवले आहे. बाहेरच्या माणसाचे पत्र म्हणून ते बाजूला पडेल, असे दादा म्हणाला, आणि त्यात त्याचा राग नव्हता. मग परवा, भर पावसात, तो स्वतः वाचनालयात गेला. त्याने आईच्या सभासद क्रमांकावर मागची आणि पुढच्या वर्षाची वर्गणी भरली, सभासद म्हणून वहिनीचे नाव लावले आणि पावतीचा फोटो मला पाठवला. कोपरा भिजून शाई फुटली आहे, पण क्रमांक वाचता येतो. त्याच फोटोत टेबलावर दोन कादंबऱ्या आहेत, खाकी कव्हरातल्या. मी त्याला कव्हराच्या आतली नावे विचारली. एकीवर वहिनीने आधीच खूण घातली आहे, असे तो म्हणाला, आणि दोन्ही नावे मला लिहून पाठवली. त्यांतले एक मी सोमवारी शाखेच्या अर्जात भरले. वार्षिक सर्वसाधारण सभा सप्टेंबरच्या शेवटच्या रविवारी आहे. वहिनी जाणार आहे.