तो मजकूर फेसबुकच्या भिंतीवर टाकून काही होत नाही

‘उद्यापासून फेसबुक तुमचे फोटो जाहिरातीत वापरणार, रोम करारानुसार मी परवानगी नाकारतो, हे कॉपी करून टाका’ असा मजकूर रत्नागिरी-मालवणकडच्या ग्रुपांवर फिरतो आहे. त्याचा काडीचा उपयोग नाही. १९९८ चा रोम करार नरसंहार, युद्धगुन्हे अशा खटल्यांसाठी आहे. फोटोंशी त्याचा संबंधच नाही. परवानगी तुम्ही खातं उघडताना अटी मान्य करून दिलेली असते. एका पोस्टने ती मागे घेता येत नाही.

भीती मात्र अगदीच निराधार नाही. तारकर्लीच्या एखाद्या होमस्टेचं पेज लाइक केलंत, तर त्याच्या जाहिरातीसोबत तुमचं नाव मित्रांना दिसू शकतं. अशाच वापरावरून अमेरिकेत दावा झाला आणि २०१३ मध्ये तो २ कोटी डॉलरच्या तडजोडीवर मिटला.

हे थांबवायचं तर सेटिंग्जमधून अकाउंट्स सेंटर, मग अ‍ॅड प्रेफरन्सेस उघडा. ‘सोशल इंटरॅक्शन्स’मध्ये ‘ओन्ली मी’ निवडा. जाहिराती त्यानंतरही येतच राहतील, कमीही होणार नाहीत. पण त्यांच्यासोबत तुमचं नाव मित्रांना दिसणार नाही.