दोन मोठे, दोन लहान आणि आई

मुंबईत उतरायचं कुठं, हा प्रश्न आमच्या घराण्यात पूर्वी कुणाला पडला नव्हता. गिरगावात मामा होता. त्याच्या दोन खोल्यांत मे महिन्यात किती माणसं झोपत, हे मामीलाही सकाळी चहाचे कप मांडतानाच कळायचं. आता मामा नाही, चाळीच्या जागी टॉवर उठतोय आणि मामेभाऊ बदलापूरला गेलाय. वहिनी मनापासून बोलावते. पण बदलापूर ते सीएसएमटी ६८ किलोमीटर. सकाळच्या लोकलमध्ये आईला चढवणं एकवेळ जमेल, तिला हव्या त्या स्टेशनावर उतरवणं मात्र आमच्या हातात नसतं.

मग मोबाइल काढला. ही हॉटेलांची ॲप्स दोन माणसांसाठी फार गोड बोलतात. ‘मोठे २’ म्हटलं की दर बघून वाटतं, मुंबईला लोक उगाच नावं ठेवतात. त्यात दोन मुलं घातली की आवाज जरा बदलतो. आणि तिसरं मोठं माणूस, म्हणजे आई, घातली की ॲप एका खोलीच्या सरळ दोन खोल्या करतं. एक आई वाढली की भाडं दुप्पट. फोटोंचं तर विचारू नका. फोटोग्राफर कपाटावर चढून बसत असावा, त्याशिवाय आठ बाय दहाची खोली मंगल कार्यालयाएवढी दिसायची नाही.

शेवटी मी थेट फोन करायला लागलो.

“किती जण?”

“दोन मोठे, दोन लहान.” मी थोडा श्वास घेतला. “आणि आई.”

“मुलगा किती वर्षांचा?”

“बारा.”

“मग तो मोठाच धरणार. एक्स्ट्रा गादीचे वेगळे.”

“गादी टाकायला जागा आहे का पण?”

“रात्री दार लावल्यावर होते.”

“लिफ्ट?”

“आहे की. पहिल्या मजल्यापासून.”

टॅक्सचं विचारलं तर म्हणाला, तो वेगळा. हजार रुपयांच्या आतल्या खोलीवर पूर्वी जीएसटी नव्हता. जुलै २०२२ पासून तो लागला. सप्टेंबर २०२५ मध्ये सरकारनं साडेसात हजारांपर्यंतच्या खोल्यांचा दर १२ वरून ५ टक्क्यांवर आणला. ही बातमी मी बायकोला मोठ्यानं वाचून दाखवली. ती म्हणाली, “पाच टक्केच भरू या का नुसते?”

प्रत्येक कोल्हापूरकराला असतो, तसा आमच्या शेजाऱ्यांनाही आमदार ओळखीचा आहे. “चिठ्ठी आणतो, आमदार निवासात खोली मिळेल,” म्हणाले. पण नरिमन पॉइंटचं ‘मनोरा’ आमदार निवास पाडल्यावर आमदारांनाच भाडेभत्ता द्यायची वेळ सरकारवर आली होती. ज्याचं त्यालाच पुरत नाही, तिथं आमच्या आईची गादी कुठं टाकणार? चिठ्ठी मात्र आली. अजून देव्हाऱ्यात आहे.

आईनं दादरची गाडगेबाबांची धर्मशाळा सुचवली. पण तिथं कॅन्सरचे पेशंट आणि त्यांचे नातेवाईक राहतात. राणीबागेतले पेंग्विन बघायला आलेल्यांनी त्यांची जागा अडवायची, हे कुणालाच पटलं नाही. आईनंच विषय मिटवला. मुलांना सीएसएमटीवरचे नवे ‘पॉड’ हवे होते. आईनं फोटो चष्मा वर करून पाहिला, मग खाली करून पाहिला. “हा तर वरचा बर्थ की रे. दार लावलं म्हणून एवढे पैसे?”

शेवटी फोर्टातल्या एका गल्लीत खोली ठरली. मॅनेजरनं ‘हेरिटेज व्ह्यू’ म्हणून थोडे जास्त लावले. महालक्ष्मी एक्सप्रेस सकाळीच मुंबईत सोडते आणि चेक-इन बाराला. मधल्या वेळात रिसेप्शनच्या सोफ्यावर, जो तिघांचा होता, आम्ही पाच जण, चार बॅगा आणि बदलापूरच्या वहिनीसाठी घेतलेली गुळाची ढेप असे बसून राहिलो. आधी खोली हवी तर अर्धं भाडं जादा, म्हणाला. तोंड धुवायला परवानगी होती. पाचही जणांची आधार कार्डं झेरॉक्सला गेली. धाकटीच्या कार्डावरचा फोटो ती सहा महिन्यांची असतानाचा, त्यामुळे मॅनेजर कार्डाकडे आणि तिच्याकडे बराच वेळ आळीपाळीनं बघत होता.

व्ह्यू होता, खोटं कशाला बोला. बाथरूममध्ये बादली उलटी घालून तिच्यावर उभं राहायचं, गीझरच्या पाइपला धरायचं आणि मान डावीकडं वळवायची. मग समोरच्या इमारतीची पाण्याची टाकी आणि कुणाची तरी वाळत घातलेली लुंगी यांच्या फटीतून सीएसएमटीच्या घुमटावरच्या पुतळ्याची मशाल दिसते. नुसती मशाल, बाई नाही. युनेस्कोनं २००४ साली जागतिक वारसा ठरवलेल्या इमारतीचा एवढा तुकडा आमच्या वाट्याला आला. चिरंजीव बादलीवरून उतरायला तयार नव्हते.

आई पलंगावर टेकली. गादी दाबून बघितली. उशीचा अभ्रा उलटून बघितला. मग हळूच विचारलं, “किती घेतले रे?”

मी अर्धाच आकडा सांगितला. “चोवीसशे.”

“दिवसाला?”

“हो.”

“अंबाबाईच्या देवळामागं एवढ्यात अख्खं वऱ्हाड उतरतं.” मग ती बोटं मोडत गप्प बसली. तिचा हिशेब चालला की आम्ही कुणी मधे बोलत नाही. “म्हणजे तासाला शंभर.”

“चला आता, बोट सुटेल. घारापुरी करायचीय ना?” बायको म्हणाली.

“तुम्ही जाऊन या,” आई आडवी होत म्हणाली. “मी इथंच पडते. शंभर रुपये तास चाललेत, कुणीतरी वापरायला नकोत? आणि जाताना तो एसी बंद करू नका. त्याचे धरलेत ना त्यात?”