‘कॅन्सर पैसा बघत नाही’ म्हणे! त्या मेसेजला मुद्देसूद उत्तर

नागपुरातल्या फॅमिली ग्रुपांवर सध्या एक मेसेज फिरतो आहे. मजकूर थोडक्यात असा: कॅन्सर गरीब-श्रीमंत बघत नाही, स्टीव्ह जॉब्ससारखा अब्जाधीशही वाचला नाही. आता तर योजनेत सगळं फुकट आहे. तरी गरीब मरतात ते अडाणीपणाने उशिरा येतात म्हणून. शेवटी नशिबात असेल तेच होतं. हे वाचून एखाद्याने तपासणी महिनाभर पुढे ढकलली तर जीवावर बेतू शकतं, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

आधी जॉब्स. त्यांची गाठ 2003 मध्ये सापडली. ती स्वादुपिंडातली असली तरी नेहमीच्या जातीची नव्हती, हळू वाढणारी होती. ऑपरेशन त्यांनी स्वतःच नऊ महिने टाळलं. 2009 मध्ये त्यांचं यकृत बदललं आणि मृत्यू 2011 मध्ये झाला. निदानानंतर आठ वर्षं मिळालेल्या माणसाचं उदाहरण ‘पैशाचा उपयोग नाही’ म्हणून देता येत नाही. शिवाय एका माणसावरून काही ठरत नाही, आकडे हजारोंचे बघावे लागतात. 2010 ते 2014 मध्ये स्तनाच्या कॅन्सरचं निदान झालेल्या बायकांपैकी पाच वर्षांनी हयात असण्याचं प्रमाण अमेरिकेत सुमारे 90 टक्के होतं, भारतात 66. लहान मुलांच्या कॅन्सरमध्ये श्रीमंत देशांत 80 टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. अनेक गरीब देशांत हेच प्रमाण 30 टक्क्यांच्याही खाली आहे.

‘योजनेत सगळं फुकट.’ योजना खरी आहे, ती जरूर वापरा. महात्मा फुले जन आरोग्य आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाखांपर्यंत संरक्षण आहे, आणि ऑपरेशन, केमो, शेक (म्हणजे रेडिएशन) तिन्ही त्यात बसतात. पण योजना आजाराचं बिल भरते, बुडालेली मजुरी भरत नाही. तोंडाच्या कॅन्सरचा शेक साधारण 30 ते 33 वेळा असतो, सोमवार ते शुक्रवार, म्हणजे सहा-साडेसहा आठवडे. मशीनवर काम काही मिनिटांचं, पण अहेरीच्या किंवा बालाघाटच्या माणसाला त्यासाठी नागपुरात मुक्कामच करावा लागतो. सोबत एक माणूस हवा, म्हणजे घरातल्या दोन रोजी बुडाल्या.

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात तोंड सोलवटतं, गिळवत नाही, वजन उतरतं. नेमके तेव्हाच पैसेही संपलेले असतात. पेशंट ‘चार दिवस घरी जाऊन येतो’ म्हणतो आणि दहा दिवसांनी परततो. तेवढ्यात उरलेल्या कॅन्सरच्या पेशी पुन्हा वाढू लागतात. डोके-मानेच्या कॅन्सरमध्ये शेक लांबला की दर दिवसामागे रोग आटोक्यात येण्याची शक्यता साधारण एक ते दीड टक्क्याने कमी होते. फुकट उपचार असूनही गरीब इथे मागे पडतो.

म्हणून शेक सुरू व्हायच्या आधीच काही गोष्टी लावून घ्या. किडलेले दात आधी काढा आणि जखम भरायला दहा ते चौदा दिवस द्या. शेकानंतर काढलेल्या दाताची जखम चिघळते, हाडही सडू शकतं. सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षकाला पहिल्याच दिवशी भेटून मुक्कामाचं बोला. रेल्वेच्या सवलतीच्या फॉर्मवर डॉक्टरची सही घ्या: पेशंटला स्लीपर आणि थ्री-एसीचं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सूट. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात एक चमचा मीठ आणि एक चमचा खायचा सोडा टाकून दिवसातून पाच-सहा वेळा गुळण्या करा. जेवण पोटात जावं म्हणून नाकातून नळी घालू म्हटलं तर घाबरू नका. नळी तात्पुरती असते, आणि तिच्यामुळे शेक मध्येच थांबत नाही.

आता ‘अडाणीपणा’. हा आरोप आम्हाला सर्वांत जास्त खटकतो. खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खाणाऱ्याच्या गालात फोड येतो. मेडिकल स्टोअरवाला मलम आणि बी-कॉम्प्लेक्स देतो, महिना जातो. दात हलतो म्हणून दात काढतात, ती जखम भरत नाही. मग तपासणीसाठी तुकडा काढतात (बायोप्सी). तो फॉर्मेलिन या टिकवणाऱ्या द्रावणाऐवजी पाण्यात किंवा सलाईनमध्ये पाठवला तर खराब होतो आणि पुन्हा काढावा लागतो. मग नागपुरातल्या सरकारी मेडिकल कॉलेजला, तुकडोजी कॅन्सर हॉस्पिटलला किंवा जामठ्याच्या कॅन्सर इन्स्टिट्यूटला पोचल्यावर नुसता रिपोर्ट चालत नाही, त्या तुकड्याची काचेवरची स्लाइड आणि तो ज्यात जपतात तो मेणाचा ब्लॉक लागतो. तो आणायला परत गावी. यातल्या प्रत्येक फेरीला एक रोजी आणि एसटीचं भाडं लागतं. गाडी आणि रजा असलेला माणूस हेच सगळं आठवड्यात उरकतो. म्हणून तुकडा काढला त्याच ठिकाणी सांगून ठेवा: रिपोर्ट, स्लाइड, ब्लॉक, तिन्ही द्या.

खर्रा खाणाऱ्याने स्वतःची तीन बोटं उभी तोंडात घालून बघावीत. जात नसतील किंवा तोंडातला फोड तीन आठवड्यांत भरला नसेल, तर मलमावर वेळ घालवू नये.

राहिलं नशीब. आपल्याच तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यातल्या गावांमध्ये 30 ते 59 वयाच्या सव्वा लाखाहून जास्त बायकांवर मोठा अभ्यास झाला, निष्कर्ष 2009 मध्ये आले. एका गटाला आयुष्यात एकदाच गर्भाशयमुखाची एचपीव्ही (हा कॅन्सर घडवणारा विषाणू) चाचणी आणि दोष आढळल्यास उपचार मिळाले. त्या गटातले गर्भाशयमुखाच्या कॅन्सरचे मृत्यू चाचणी न मिळालेल्या गटाच्या जवळपास निम्म्यावर आले. या बायका खेड्यातल्याच, चाचणी तेवढी दारात आली होती. तिशीपुढच्या सगळ्यांसाठी तोंड, स्तन आणि गर्भाशयमुख यांची प्राथमिक तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांच्या कार्यक्रमात आहे. तिथे एचपीव्ही चाचणीऐवजी गर्भाशयमुखावर पातळ ॲसेटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात, पांढरा डाग उमटला तर पुढे पाठवतात. पैसे लागत नाहीत. घरातल्या आई-मावशीला घेऊन जा.