'टोपी घाला, पाणी प्या, बिनधास्त फिरा' म्हणे!

मावशीने परवा एक फॉरवर्ड पाठवला. 'हवामान बदलामुळे पर्यटन संपणार? घाबरवणाऱ्यांना सहा सणसणीत उत्तरं!' एवढ्यावर थांबलं असतं तर नेहमीसारखं न वाचताच पुढे गेलो असतो. पण पाठोपाठ तिचा प्रश्न आला: "म्हणजे जुलैत ग्रीसला जायला हरकत नाही ना रे? तेव्हा पॅकेज स्वस्त पडतंय." मावशी सत्तरीच्या पुढची. रक्तदाबाच्या दोन गोळ्या रोज, त्यातली एक लघवी वाढवणारी. फॉरवर्ड लिहिणाऱ्याला हे ठाऊक असण्याचं कारण नाही, पण सल्ला मात्र त्याने सरसकट सगळ्यांना देऊन टाकलाय.

"उष्णतेच्या लाटा पूर्वीही यायच्या. टोपी घाला, भरपूर पाणी प्या, बिनधास्त फिरा. उन्हाची सवय असलेल्यांना काही होत नाही."

सगळ्यात घातक मुद्दा हाच, म्हणून जरा सविस्तर. पाणी प्यायल्याने शरीर थंड होत नाही, घाम वाळल्याने होतं. हवा साधारण 35 अंशांच्या वर गेली की ती त्वचेपेक्षा गरम असते. मग वारा लागला तरी अंगाला उष्णताच मिळते आणि सुटकेचा एकच मार्ग उरतो, घाम वाळणं. हवा दमट असेल तर तोही बंद. पाणी पीत राहा, घाम निथळत राहील, आतलं तापमान चढतच जाईल. आणि नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम घसरून वेगळंच संकट ओढवतं.

यासाठी शास्त्रज्ञ वेट बल्ब तापमान बघतात, म्हणजे ओलं फडकं गुंडाळलेल्या तापमापीवर दिसणारा आकडा. त्यात उष्णता आणि दमटपणा दोन्ही धरले जातात. माणसाची मर्यादा 35 मानली जायची. अमेरिकेतल्या पेन स्टेट विद्यापीठाने 2022 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत धडधाकट तरुण मुलांचंसुद्धा शरीर दमट हवेत 31च्या आसपासच हरायला लागलं. त्यापुढे शरीराचं तापमान स्थिर राहीना. ही मुलं हलकीफुलकी हालचाल करत होती, टेकडी चढत नव्हती. म्हातारपणी घाम कमी येतो, तहान उशिरा लागते, आणि लघवी वाढवणाऱ्या गोळीने अंगातलं पाणी आधीच कमी केलेलं असतं.

'सवय' हीसुद्धा जन्मभराची कमाई नसते. उन्हाशी जुळवून घ्यायला शरीराला आठवडा-दोन आठवडे लागतात आणि नंतर एसीत बसलं की काही आठवड्यांत ती सवय जाते. आठ दिवसांच्या सहलीत ती यायची कधी?

आता ग्रीसचंच घ्या. जुलै 2023 मध्ये अॅक्रोपोलिस, म्हणजे अथेन्समधली प्राचीन मंदिरांची टेकडी, भर दुपारी बंद ठेवावं लागलं. उघडा खडक, पांढरा संगमरवर, सावलीचं नाव नाही. खाली रांगेतल्या लोकांना रेड क्रॉसची माणसं पाण्याच्या बाटल्या वाटत होती. त्याच महिन्यात ऱ्होड्स बेटावर वणवा पेटला आणि सुमारे 19,000 लोकांना हलवावं लागलं. कित्येक पर्यटक बॅगा ओढत धुरातून किनाऱ्याकडे चालत गेले. ग्रीस सरकारने नंतर त्यांना आठवडाभराची सुट्टी देऊ केली, ती वसंतातली किंवा शरदातली. जुलै-ऑगस्ट वगळून! ज्यांचं पोट पर्यटनावर चालतं त्यांना कळतंय, फॉरवर्ड लिहिणाऱ्याला कळत नाही.

लाटा पूर्वीही यायच्या, हे खरं. पण अशा घटनांमागे हवामान बदलाचा हात किती, हे तपासणाऱ्या वर्ल्ड वेदर अॅट्रिब्युशन या गटाच्या शास्त्रज्ञांनी पाहिलं तेव्हा, जुलै 2023 ची दक्षिण युरोपातली लाट हवामान बदलाशिवाय जवळजवळ अशक्य होती असं निघालं. आणि 2022 च्या उन्हाळ्यात युरोपात उष्णतेने 61,000 हून अधिक बळी घेतल्याचा अंदाज नेचर मेडिसिन या संशोधनपत्रिकेत आला, त्यात वृद्ध सर्वाधिक. टोप्या तिकडेही मिळतात.

"बर्फ पडला नाही तर मशीनने पाडता येतो."

येतो. बीजिंगचं 2022 चं हिवाळी ऑलिंपिक जवळपास पूर्णपणे कृत्रिम बर्फावर झालं. पण इथेही तोच वेट बल्ब आडवा येतो: नेहमीच्या यंत्रांना तो साधारण उणे 2च्या खाली लागतो. थंडीच नसेल तर मशीन फवारणार काय, पाऊस? युरोपातल्या 2,234 स्की केंद्रांचा अभ्यास 2023 मध्ये नेचर क्लायमेट चेंजमध्ये आला. जग 2 अंशांनी तापलं तर 53 टक्के केंद्रांना बर्फटंचाईचा अतिशय मोठा धोका. निम्म्या उतारांवर मशीन चालवली तरी 27 टक्के धोक्यात राहतातच. 4 अंशांना मशीनसकट 71 टक्के धोक्यात. शिवाय पाणी आणि वीज लागते ती वेगळीच. बोलिव्हियातल्या चाकाल्तायाला 5,000 मीटरच्या वर स्कीइंग चालायचं. तिथली हिमनदी 2009 मध्ये संपली. आता मशीन लावा म्हणावं.

"ग्रेट बॅरियर रीफ मरणार म्हणत होते, 2022 मध्ये तिथे विक्रमी पोवळी सापडली!"

इथे नाइलाजाने मान डोलवावी लागते. ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यालगतच्या या प्रवाळ खडकांच्या, ऑस्ट्रेलियन इन्स्टिट्यूट ऑफ मरीन सायन्सने केलेल्या 2022 च्या पाहणीत उत्तर आणि मध्य भागात पोवळ्यांचं आच्छादन 36 वर्षांतलं सर्वाधिक होतं. फॉरवर्डने इथेच पान मिटलंय. त्याच संस्थेने तेव्हाच बजावलं होतं की ही वाढ मुख्यतः अॅक्रोपोरा जातीच्या, झपाट्याने वाढणाऱ्या आणि तितक्याच झपाट्याने मरणाऱ्या पोवळ्यांची आहे. 2024 मध्ये समुद्र पुन्हा तापला, पोवळ्यांनी आपल्या पेशींतलं, त्यांना अन्न पुरवणारं शेवाळ बाहेर टाकलं आणि ती पांढरी पडली. 2025 च्या अहवालात उत्तर आणि दक्षिण भागांत पाहणी सुरू झाल्यापासूनची सर्वांत मोठी वार्षिक घट नोंदली गेली. विक्रम झालाच, फक्त उलटा.

"मालदीव अजून बुडालं नाही."

नाही बुडालं. तसाच सखल प्रवाळ बेटांचा देश असलेल्या, प्रशांत महासागरातल्या तुवालूचं एकूण क्षेत्रफळ तर 1971 ते 2014 दरम्यान थोडं वाढलं. कारण लाटा पोवळ्यांची वाळू आणून टाकतात. पोवळीच मेली तर वाळू कुठून येणार? वरचा मुद्दा पुन्हा वाचा.

"थंड देशांत पर्यटक वाढतील, म्हणजे हिशेब बरोबरीत."

उत्तर युरोपात वाढतील, दक्षिणेत घटतील, असा अंदाज आहे खरा. पण हिशेब कोणाच्या वहीत बरोबरीत? पर्यटक दुसरं तिकीट काढतो. दक्षिणेतल्या बेटावरचा खानावळवाला बेट उचलून उत्तरेला नेत नाही.

"विमान तसंही उडणारच. पर्यटनाचा वाटा जेमतेम 2 टक्के."

विमान कंपन्या फेऱ्या ठरवतात त्या तिकिटं खपतात तेवढ्या. रिकामी विमानं हौसेने कोणी उडवत नाही. 2 टक्क्यांचा आकडा साधारण सगळ्या विमानवाहतुकीच्या कार्बन डायऑक्साइडचा. त्यात हॉटेलं, गाड्या, खाणंपिणं, खरेदी काहीच धरलेलं नाही. पर्यटनाचा पूर्ण हिशेब 2024 मध्ये नेचर कम्युनिकेशन्समध्ये आला: 2019 साली 5.2 अब्ज टन, म्हणजे जगाच्या उत्सर्जनाच्या 8.8 टक्के. दहा वर्षं दरसाल 3.5 टक्क्यांनी वाढत आलेलं, आणि त्यातलं तीन चतुर्थांश फक्त 20 देशांचं. ही यादी श्रीमंत आणि मोठ्या देशांची आहे, बुडण्याच्या भीतीतल्या बेटांची नाही.

शेवटची ओळ तर कळस आहे: "नासानेही हे मान्य केलं आहे." कोणी, कधी, कुठे, काही नाही. नासाच्या संकेतस्थळावर पृथ्वी माणसामुळे तापतेय हे स्वच्छ लिहिलेलं आहे. याउलट काही मान्य केलं असेल, तर कोणत्या अहवालात आणि कोणत्या पानावर तेवढं कळवा. मी वाचायला बसतो.