त्याच दिवशी मासे का दिले नाहीत: आपल्या अभिप्रायास उत्तर

सप्रेम नमस्कार.

दोन फुटी टाकी, फिल्टर व रोपांचे पैसे घेऊन आम्ही मासे देण्यास टाळाटाळ केली, रिकाम्या टाकीत रोज चिमूटभर खाद्य टाकण्याचा विचित्र सल्ला दिला, क्रिप्टोकोरीन या पाणवनस्पतीची पाने आठवड्यात विरघळली आणि दुसरीकडून आणलेले दोन गोल्डफिश व दहा निऑन टेट्रा चार दिवसांत दगावले, त्याअर्थी टाकीच सदोष आहे, असे आपण लिहिले आहे. मासे गेल्याचे मला मनापासून दुःख आहे.

मासे विकणे हाच आमचा व्यवसाय असूनही नव्या टाकीसोबत ते त्याच दिवशी न देण्याचा नियम मी बदलणार नाही. माशांच्या उत्सर्गातून व उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच कमी घातक नायट्रेट करणारे जिवाणू नव्या फिल्टरच्या स्पंजात नसतात, त्यांची वस्ती होण्यास साधारण 4 ते 6 आठवडे लागतात आणि तोवर पाणी कितीही नितळ दिसले तरी माशांना मारक ठरू शकते. चिमूटभर खाद्य सांगितले ते या जिवाणूंसाठीच. ते कुजून त्यांना अमोनिया मिळतो. इंदूरच्या नळाला येणाऱ्या नर्मदेच्या पाण्यातील क्लोरीन माशांच्या कल्ल्यांना आणि या जिवाणूंनाही अपाय करते, म्हणून अँटी-क्लोरीनची बाटली सोबत दिली होती.

रोपे मेलेली नाहीत. रोपवाटिकेत ती बहुधा पाण्याबाहेर वाढवतात, त्यामुळे पाण्यात लावल्यावर जुनी पाने गळतात आणि मुळे शाबूत असतील तर नवी फुटतात. कृपया ती उपटू नका.

आपल्या टाकीत काठोकाठ सुमारे 57 लिटर पाणी मावते, रेती व दगड घातल्यावर त्याहूनही कमी. सहा-आठ इंच वाढणाऱ्या, भरपूर घाण करणाऱ्या आणि कोवळी पाने कुरतडणाऱ्या गोल्डफिशसाठी ती अपुरी आहे. टेट्रांना ऊबदार पाणी लागते, गोल्डफिशना थंड, त्यामुळे ही जोडी मी कोणालाच सुचवत नाही.

टाकी गळत असेल किंवा फिल्टर बंद पडत असेल तर ती वस्तू बदलून देऊ. तूर्त टाकी रिकामी करू नये, स्पंज नळाखाली न धुता टाकीतूनच काढलेल्या पाण्यात हलका पिळावा आणि बाटलीभर पाणी दुकानात आणावे. तपासणीचे पैसे घेणार नाही. अमोनिया व नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की आधी पाच-सहा झेब्रा डॅनिओ मासे सोडू, आणि पुढे सारे सुरळीत राहिले तर निऑन टेट्रा.