अकरा प्रमाणपत्रं आणि कुणीच न वाचलेला पेपर

मागच्या आठवड्यात आमच्या कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवणारा एक मुलगा माझ्याजवळ येऊन बसला. मुलगाच म्हणते, वय चौतीस. त्यानं पिशवीतून प्रमाणपत्रांची फाईल काढली. संशोधन पद्धती, सात दिवस. एसपीएसएस, म्हणजे आकडेवारीचं सॉफ्टवेअर, तीन दिवस. पुन्हा संशोधन पद्धती, ऑनलाइन. एकूण अकरा. फाईल दाखवून झाल्यावर हळूच म्हणाला, "मॅडम, माझा एक पेपर आहे. यात काही आहे का नाही, एवढं कुणीतरी वाचून सांगायला पाहिजे होतं."

अकरा ठिकाणी तो शिकायला जाऊन आला होता. त्याच्या लिखाणाची एक ओळसुद्धा कुणी वाचलेली नव्हती. प्राध्यापकाला संशोधन करायला शिकवतं कोण, हे तेव्हापासून डोक्यात घोळतंय, ते लिहिते. लांबेल, पण वाचा.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अर्थशास्त्र शिकवते. २०१० मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) एपीआय आणला आणि प्राध्यापकाच्या कामाची गुणांत बेरीज सुरू झाली. त्या काळात मीही पैसे घेऊन छापणाऱ्या एका जर्नलला पेपर दिला. आठ दिवसांत छापून आला. परीक्षण नाही, एक प्रश्न नाही. तो पेपर मी आजही कुणाला दाखवत नाही. पुढे मे २०१८ मध्ये यूजीसीनं आपल्या मान्य जर्नलांच्या यादीतून ४,३०५ जर्नलं एकदम काढून टाकली. मग जर्नलांची नवी केअर यादी आली, फेब्रुवारी २०२५ मध्ये तीही बंद केल्याचं जाहीर झालं. कुठं छापायचं याचे नियम एवढ्या वेळा बदलले. छापण्याजोगं लिहायचं कसं, हे मात्र आमच्या शेजारी बसून कुणी सांगितलं नाही.

मला ते सांगणारे सर नशिबानं भेटले. २०१३ चा उन्हाळा, दुष्काळ. एका कार्यशाळेत जेवणाच्या सुट्टीत ओळख झाली. निवृत्त झालेले, दुसऱ्या जिल्ह्यातले. ऊसतोड कामगारांच्या उचलीवर, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ पैशांवर, पेपर लिहिलाय म्हटल्यावर म्हणाले, "पेपर राहू द्या. भरलेले फॉर्म घेऊन घरी या."

बासष्ट फॉर्म होते. ओट्यावर सतरंजी टाकून आम्ही दुपारभर ते पुन्हा वाचले. निम्म्यावर आल्यावर सर थांबले. "बाई कुठंय यात?" एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मजूर पुरवणारा मुकादम उचल देतो ती जोडीवर, फेडायचीही दोघांनी राबून. माझ्या फॉर्मवर मात्र 'कुटुंबप्रमुखाचे नाव' आणि 'घेतलेली उचल' एवढेच रकाने. बासष्ट बायकांना मी काही विचारलंच नव्हतं, आणि शेवटी निष्कर्षात लिहून टाकलं होतं की स्त्रियांना उचलीची माहिती असते. कशावरून लिहिलं, याला माझ्याकडे उत्तर नव्हतं.

सर रागावले नाहीत. नवा फॉर्म कसा करायचा, आधी पाच जणींशी नुसतं बोलून मग प्रश्न कसे ठरवायचे, हे त्यांनी कागदावर लिहून दिलं. पुढच्या हंगामाची माणसं गावाकडे परतल्यावर मी पुन्हा वस्तीवर गेले. एक बाई म्हणाली, "किती उचललेत ते तुम्ही इचारलं तवा मला कळलं बघा." माझा खरा पेपर तिथून सुरू झाला. दीड वर्ष लागलं. सरांनी चार वेळा वाचला.

२०१९ मध्ये बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न विधिमंडळात गेला, शासनाला समिती नेमावी लागली. त्या दिवसांत मला झोप लागत नव्हती. या बायका आमच्याच विद्यार्थ्यांच्या आया. दसऱ्यानंतर वर्गातले बाक का रिकामे होतात हे आम्हाला माहीत. त्यांच्यात बसून फॉर्म भरणारेही आम्हीच. मग हे आम्हाला आधी का दिसलं नाही? नीट प्रश्न विचारायला शिकलेली चार माणसं आमच्या कॉलेजांत असती तर दिसलं असतं, असं मला अजून वाटतं.

म्हणून प्राध्यापकाला संशोधन शिकवणं ही मला नुसती प्रमोशनची बाब वाटत नाही. प्रमोशनचा प्रश्न खोटा आहे असंही नाही, घर त्यावर चालतं.

व्यवस्था काहीच नाही असंही म्हणणार नाही. प्राध्यापकांच्या प्रशिक्षणासाठी १९८७ पासून अकॅडेमिक स्टाफ कॉलेजं निघाली, २०१५ मध्ये त्यांची मानव संसाधन विकास केंद्रं झाली, २०२३ पासून मालवीय मिशन. तिथं मला चांगली माणसं भेटली. पण कोर्सचा शेवटचा दिवस संपला, प्रमाणपत्र मिळालं, की तुमचं पुढे काय झालं हे विचारणारं कुणी नसतं. परिणाम शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, दिसतो. आपल्याकडचे प्रबंध काढून बघा, 'चिकित्सक अभ्यास' हे दोन शब्द किती शीर्षकांत येतात ते मोजा, आणि आत प्रश्न कोणता विचारलाय ते शोधा. त्यात त्या विद्यार्थ्यांचा दोष मला कमी दिसतो.

ब्रिटनमध्ये संशोधकांच्या करिअरसाठी विद्यापीठं आणि निधी देणाऱ्या संस्था यांच्यात एक करार आहे. त्याच्या २०१९ च्या सुधारित आवृत्तीत स्पष्ट लिहिलंय की संशोधकाला वर्षातून किमान १० दिवस स्वतःच्या वाढीसाठी द्यायचे. तिथं या कामासाठी वेगळी पगारी माणसं असतात. आमच्या तासिकावाल्या मुलाला दहा दिवस म्हणजे दहा दिवसांच्या तासांचे पैसे बुडाले. तो दोन गावांत मोटारसायकलवर तास घेतो. पीएच.डी. झाली, गाईडशी संबंध सुटला, ग्रंथालयाचं कार्ड गेलं. करिअर घडवायचं वय हेच, आणि याच वयात त्याच्यामागे कुणी उभं नाही.

अंतराचाही प्रश्न आहे. छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाकडे जालना, बीड, धाराशिवही येतात. नांदेडच्या विद्यापीठाकडे लातूर, परभणी, हिंगोली. अंबाजोगाईच्या माणसानं एक ड्राफ्ट दाखवायला दोनशे किलोमीटर जायचं का? धाराशिव आणि लातूरला या विद्यापीठांची उपकेंद्रं आहेत. तिथं एक खोली, आठवड्यातले दोन दिवस ठरवून बसणारा एक अनुभवी संशोधक, त्याला त्या कामाचं मानधन आणि कामाच्या भारात त्याची नोंद, एवढ्यानं सुरुवात होते. कुणी प्रश्नावली आणेल, कुणी प्रकल्पाचा प्रस्ताव. इतिहासाच्या कुणाला निजामाच्या काळातली मोडी आणि उर्दू दप्तरं वाचायची असतील, तर ती कोण शिकवतं हे तरी तिथं कळावं. आणि तासिकावाल्यांना पीएच.डी.नंतरही ग्रंथालय खुलं ठेवा. याला फार पैसा लागत नाही.

विद्यापीठ करेल तेव्हा करेल. त्या मुलाचा पेपर मी दोनदा वाचलाय. तिसऱ्या पानावर एक तक्ता आहे, त्याच्या गावातल्या सोयाबीनच्या खळ्यावरच्या मजुरीचा, पाच हंगामांचा. त्याच्या वडिलांच्या वहीतून घेतलेला. पेपरात त्यावर त्यानं दोनच ओळी लिहिल्यात. मी त्याला सांगितलंय, पेपर राहू दे, वडिलांची वही घेऊन ये.

शनिवारी दुपारी दोनला, आमच्या विभागात. आणखी कुणाला कच्चं लिखाण घेऊन यायचं असेल तर या. कॉलेज कोणतंही असू द्या, विषय कोणताही असू द्या. चहा आहे, सतरंजी आहे.